चिठ्ठ्यांना हात लावू नये

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते आहे. मुद्रितशोधक हे माझ्या कामाचं भारदस्त नाव. खरं काम म्हणजे छापायला जाणाऱ्या पुस्तकातले काने, मात्रे, वेलांट्या आणि लेखकांचे अहंकार जागच्या जागी बसवणं. या सव्वीस वर्षांत मी तपासलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र जोडायची वेळ आलेली नाही. हे मी कुणी न विचारता सांगते, असं आमचे हे म्हणतात. सांगते. चूक झाली असती तर लोकांनी सांगितलंच असतं ना?

तसे सांगणारे एक गृहस्थ आहेतही. निवृत्त हेडमास्तर. आम्ही त्यांना पत्रमास्तर म्हणतो. आमच्या प्रकाशनाचं प्रत्येक पुस्तक ते विकत घेतात, वाचतात आणि चुकांची यादी पोस्टकार्डावर लिहून पाठवतात. इतरांनी तपासलेल्या पुस्तकांची कार्डं दोन्ही बाजूंनी भरलेली असतात, पत्त्याच्या जागेतसुद्धा वेलांट्या घुसलेल्या. माझ्या पुस्तकांवर मात्र एकच ओळ येते: ‘वाचले. निर्दोष.’ अशी एकोणीस कार्डं माझ्या टेबलाच्या खणात आहेत. बायका दागिने जपतात, मी ही कार्डं जपते.

तर एका सोमवारी मालकांनी माझ्या टेबलावर तीन वह्या आणून टाकल्या. रबरबँड लावलेल्या, कोपरे तेलकट.

“बाई, जरा चाळा आणि नकार कळवून टाका. सौम्य शब्दांत. माणूस गरीब दिसतो.”

वहीच्या पहिल्या पानावर लेखकाची ओळख होती. ‘धंदा: किल्या बनवने, कूलपे ऊघडने (ओळख पटल्यावरच).’ एका ओळीत पाच चुका. त्याखाली दोनदा अधोरेखित केलेली सूचना: ‘चिठ्यांना हात लाऊ नये. जश्याच्या तश्या.’ मी कपाळावर हात मारला. पेन उघडलं. अकरा वाजले होते.

भाषा म्हणाल तर देवाने कान दिले म्हणून ऐकायची आणि डोळे दिले म्हणून सोसायची. या माणसाच्या कादंबरीत सगळं ‘अचानक’ घडत होतं. अचानक सकाळ व्हायची. अचानक दूध उतू जायचं. नायिकेच्या काळजाचं दर दोन पानांनी पाणी पाणी व्हायचं. एवढं पाणी त्या काळजात आलं कुठून कोण जाणे. धाकट्या बहिणीचे डोळे विसाव्या पानावर घारे आणि साठाव्या पानावर काळेभोर. एक डॉक्टर एकाच दारातून दोनदा आत आला, मध्ये बाहेर न जाता. आणि एका ठिकाणी चक्क लिहिलं होतं, ‘ती शांतपने मोठ्याने किंचाळली.’ मी ते वाक्य मालकांना मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही दोघं हसलो.

मग दुपारचे अडीच झाले आणि माझ्या लक्षात आलं की डबा उघडलेला नाही.

गोष्ट अशी होती. एक निवृत्त शिक्षिका. एकटी राहणारी. तिच्या सोबतीला म्हणून धाकटी बहीण येऊन राहते. एके दिवशी शिक्षिकेचा चष्मा हरवतो. सगळं घर पालथं घातल्यावर साखरेच्या डब्यात सापडतो, आणि चष्म्याखाली एक चिठ्ठी: ‘चष्मा इथे ठेऊन दिला आहे. पुन्हा शोधू नकोस.’ अक्षर तिचं स्वतःचं. तिला काही आठवत नाही. धाकटी जवळ घेते, म्हणते, ताई, वय होतंय. मग आईचा फोटो जातो. तो सापडतो पाण्याच्या टाकीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पुन्हा तिच्याच अक्षरात तशीच चिठ्ठी. मग औषधाची डबी. मग एक चप्पल. दरवेळी तेच शब्द: इथे ठेऊन दिलं आहे, पुन्हा शोधू नकोस. बाई कुलूप बदलते. तरी चिठ्ठ्या थांबत नाहीत. बाई स्वतःच्या हाताकडे संशयाने बघायला लागते. झोपताना उजव्या हाताची बोटं रुमालाने बांधून घेते. आणि सातव्या वेळी काहीच हरवलेलं नसतं. ती सहज कपाट उघडते. मधला कप्पा रिकामा केलेला असतो. तिथे चिठ्ठी असते:

‘तुला इथे ठेऊन दिलं आहे. पुन्हा शोधू नकोस.’

मी वही खाली ठेवली. खुर्ची सरकवून भिंतीला पाठ लावून बसले. पाठीमागे मोकळी जागा नको वाटली, खरं सांगायचं तर.

पाचला मालकांनी दिवे मालवले तेव्हा मी तिसऱ्या वहीत होते. ती वही घेऊन बसमध्ये चढले आणि तीन थांबे पुढे जाऊन उतरले. घरी ह्यांनी विचारलं, “काय झालं? चेहरा असा का?” मी म्हटलं, “अचानक.” दुसरा शब्दच सुचेना.

एवढं चांगलं, एवढं भयंकर, एवढं पक्कं कथानक माझ्या हाताखालून सव्वीस वर्षांत गेलं नव्हतं. आमचे नावाजलेले लेखक! त्यांची वाक्यं इस्त्रीची असतात आणि आत माणूसच नसतो. आणि हा किल्ल्या घासणारा माणूस, ज्याला ‘किल्ली’ लिहिता येत नाही, त्याने मला माझ्याच घरात कपाट उघडायला घाबरवलं. मला त्याचा हेवा वाटला. त्याहून जास्त अभिमान वाटला, जणू माझ्याच माहेरचा कुणी पहिला आला.

एकच गोष्ट खटकली. शेवट. बहीणच हे करते आहे आणि घर मिळावं म्हणून आपल्याला वेडी ठरवते आहे, हे बाईला कळतं. पण कसं कळतं? लेखकाने एवढंच लिहिलं होतं: बाईने सातही चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या, लाल पेन उचललं, सातांवर एकेक गोल केला, आणि मग उठून बहिणीच्या खोलीला बाहेरून कडी घातली. संपलं. अरे, पण का? कशावरून? एवढा मोठा डोंगर रचला आणि माथ्यावर उभं राहायला जागाच नाही!

मी मालकांना सांगितलं, “नकार नाही कळवायचा. हे छापायचं. भाषा मी बघते.”

करारावर सही करायला किल्लीवाला आला. पंचेचाळिशीचा, बुटका, बोटांच्या टोकांत लोखंडाचा काळेपणा कायमचा मुरलेला. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. मी सरळ मुद्द्याला हात घातला.

“गोष्ट फार चांगली आहे. खरंच फार चांगली. पण शेवटी तिला कळतं कसं?”

तो जरा हसला. “वाचणाऱ्याला कळेल, ताई.”

“मला नाही कळलं. आणि मी वाचायचाच पगार घेते.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, “मी एक वाक्य सुचवू? चिठ्ठीला धाकटीच्या पावडरीचा मंद वास येत होता. झालं. वाचकाच्या पदरात काहीतरी पडतं.”

“तुम्ही शिकलेली माणसं,” तो म्हणाला. “तुम्हाला ठीक वाटेल ते करा. फक्त चिठ्ठ्यांना हात नका लावू.”

“मी कशाला लावू चिठ्ठ्यांना हात? त्यातला एक शब्द बदलणार नाही,” मी म्हटलं. आणि मला ते मनापासून वाटत होतं. शब्द बदलणं वेगळं आणि शुद्धलेखन वेगळं. शुद्धलेखन दुरुस्त करणं म्हणजे हात लावणं, असं माझ्या सव्वीस वर्षांत कधी मनातच आलं नव्हतं. चेहऱ्यावरचा डाग पुसला म्हणून माणूस बदलतो का?

महिनाभर मी त्या वह्यांवर बसले. अडीचशेपैकी दोनशे दहा ‘अचानक’ काढले. डोळे काळे ठरवले. डॉक्टरला एकदा बाहेर पाठवला. ‘लाऊन’चं लावून केलं, ‘जेऊन’चं जेवून, ‘धाऊन’चं धावून. ही चूक तर निम्मी दुनिया करते. घेऊन, देऊन, येऊन असतं, म्हणून लोक ठेऊनही लिहितात. मूळ धातू ठेव आहे, त्यात व आहे, तो व जाईल कुठे? म्हणून ठेवून. चिठ्ठ्यांमध्ये सात वेळा ‘ठेऊन’ होतं. सात वेळा मी ‘ठेवून’ केलं. हात थांबलाही नाही. पावडरीचा वास घातला. लेखकाला शेवटची प्रुफं दाखवली नाहीत. तो माझा जुना नियम आहे, कारण प्रूफ हातात पडलं की लेखक त्यात नव्या चुका घालतो. आणि पुस्तक छपाईला गेलं.

शनिवारी अर्धा दिवस असतो. त्या सकाळी छापखान्यात पहिला फर्मा, म्हणजे पुस्तकाची पहिली सोळा पानं, मशीनवर चढणार होता. मी दोन वाजता घरी आले. घरी कुणी नव्हतं. टेबलावर ताटाने झाकलेलं ताट होतं आणि त्यावर एक चिठ्ठी.

‘जेवण झाकून ठेऊन जातोय. गार झालं तर गरम कर.’

खाली नाव नव्हतं. आता आमच्या घराची एक किल्ली खालच्या मजल्यावरच्या माझ्या थोरल्या दिरांकडे असते. तेही कधीकधी ताट आणून ठेवतात. दोघा भावांचं अक्षर हुबेहूब एक. एकाच मास्तरांच्या छडीखाली वळलेलं. पण मला क्षणभरही प्रश्न पडला नाही. भाऊजी ‘ठेवून’ लिहितात. आमचे हे आयुष्यभर विजेच्या मीटरांचे आकडे वाचत हिंडले. अक्षरांशी त्यांचं वाकडं. तीस वर्षं सांगते आहे, ठेव म्हणून ठेवून. तीस वर्षं ते ‘ठेऊन’ लिहितात. मी उभ्याउभ्या पर्समधून लाल पेन काढलं आणि त्या शब्दाभोवती गोल केला.

आणि तशीच उभी राहिले.

लाल पेन. गोल. नाव नसलेली चिठ्ठी. सारखं अक्षर. त्या शिक्षिकेने धाकटीला लहानपणी हातात हात धरून गिरवायला शिकवलं होतं. वहीच्या नवव्या पानावर तसं होतं, मीच त्यातला एक ‘अचानक’ काढला होता. अक्षर शिकवता येतं, उसनं घेता येतं. शुद्धलेखन ज्याचं त्याचं असतं. आयुष्यभर मुलांना ‘ठेवून’ शिकवलेली बाई झोपेत लिहिलं, वेडात लिहिलं, मरताना लिहिलं तरी ‘ठेऊन’ लिहिणार नाही. म्हणून तिने लाल पेन उचललं. म्हणून एकेक गोल. आणि मी, मी त्या माणसाला म्हटलं होतं, कळतं कसं!

मी धावत जाऊन पिशवीतून वह्या काढल्या. पान उलट, पान उलट. ‘लाऊन’ चूक, ‘जेऊन’ चूक, ‘किली’ चूक, ‘बहिन’ चूक. आणि चिठ्ठ्यांच्या बाहेर, तिन्ही वह्यांत, ‘ठेवून’ प्रत्येक ठिकाणी बरोबर. ज्याला स्वतःच्या धंद्याचं नाव धड लिहिता येत नाही, त्याने हा एकच शब्द एकोणचाळीस वेळा बिनचूक लिहिला होता, आणि सात वेळा जाणूनबुजून चुकवला होता. ते एकोणचाळीस माझ्या नजरेला दिसलेच नाहीत, कारण जे बरोबर असतं तिथे माझी नजर थांबत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी शोधलं नाही, आणि शोधायला बसले तेव्हा वाचलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

छापखान्यात फोन लावला. कुणी उचलेना, मशीन चालू असलं की त्यांना फोन ऐकू येत नाही. ताट तसंच टाकून मिळाली ती बस पकडली.

छापखान्याच्या दारातूनच मी ओरडले, “थांबवा! मशीन थांबवा!”

मशीनवाल्याने घाबरून बटण दाबलं. “काय झालं बाई? आग लागली?”

“त्याहून वाईट. शुद्धलेखन बरोबर आहे!”

गोष्टीतली धाकटी बहीण त्या शिक्षिकेकडे बघत असेल तसा तो माझ्याकडे बघायला लागला. पहिला फर्मा छापून झाला होता. हजार प्रती, गठ्ठे बांधून भिंतीला लावलेले. दुसऱ्याचे चाचणीचे कागद निघत होते. पहिल्या चिठ्ठीचं पान अकरा. म्हणजे पहिली चिठ्ठी गेली होती. सहा वाचल्या होत्या.

मालकांना बोलावून घेतलं. ते आले, त्यांनी ऐकलं, आणि त्यांचाही चेहरा उतरला. माणूस धंदेवाईक असला तरी वाचणारा आहे. पण हजार प्रतींचा कागद पुन्हा आणायची त्यांची तयारी नव्हती. म्हणाले, “मग असं करू. शुद्धिपत्र लावू. पान अकरा, ओळ अमुक.”

“आणि शुद्धिपत्रात लिहू काय? ‘ठेवून’ऐवजी ‘ठेऊन’ असे वाचावे? म्हणजे चोर कोण ते आपणच दारात उभं राहून सांगायचं?”

मी सव्वीस वर्षं शुद्धिपत्राला घाबरत आले. आणि आता एकदा मनापासून हवं होतं, तर लावता येत नव्हतं.

किल्लीवाल्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली तीन हातांची फट. मागे भिंतभर खिळे आणि खिळ्यांवर न घासलेल्या किल्ल्या. तो चिमट्यात एक किल्ली धरून कानस चालवत होता. मी स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. कुठेही स्वतःला झाकलं नाही. पावडरीच्या वासासकट सांगितलं. शेवटी म्हटलं, “तुम्ही एकच विनंती केली होती. तीच मी मोडली. माझं चुकलं.” हे दोन शब्द मी शेवटचे कधी उच्चारले होते ते आठवेना.

त्याची कानस थांबली होती. मग म्हणाला, “तुम्हाला कळलं ना पण, ताई?”

“कळलं. उशिरा.”

“मग झालं. मला वाटलं, गोष्टच चुकली.” त्याचा चेहरा खुलला होता. मला रडू यायचं बाकी होतं आणि हा खूश.

मग त्याने सांगितलं. आठ-दहा वर्षांपूर्वी त्याने एका निवृत्त शिक्षिकेच्या दाराचं कुलूप बदललं होतं. पावतीवर लिहिलं, जुने कुलूप ठेऊन घेतले. बाईंनी तिथल्या तिथे लाल पेनाने गोल केला. म्हणाल्या, ठेव, म्हणून ठेवून. दहा वेळा लिहून दाखवा, मग पैसे देते. “मी उंबऱ्यावर बसून दहा वेळा लिहिलं, ताई. तेवढा एक शब्द मला येतो.”

वर्षभरात त्या बाईंनी तीनदा कुलूप बदलून घेतलं. घरात कुणीतरी येतं म्हणायच्या, वस्तू हलतात म्हणायच्या. शेजारपाजारचे हसायचे. घरचे म्हणायचे, डोकं फिरलंय. चौथ्यांदा तो गेला तेव्हा घराला दुसऱ्याच कुणाचं कुलूप होतं.

“त्यांचं खरं होतं की नाही, मला काय माहीत? पण म्हटलं, एकदा तरी कुणीतरी त्यांचं खरं धरून चालायला पाहिजे. म्हणून लिहिलं.”

मी खाली बघत बसले. म्हणजे त्या बाईंचं खरेपण ज्या एका शब्दात त्याने ठेवलं होतं, तोच मी पुसला होता.

“पहिली चिठ्ठी तेवढी अडकली,” मी म्हटलं. “बाकीच्या सहा मी जशाच्या तशा करते. पण पहिल्या चिठ्ठीत ‘ठेवून’ बरोबर छापलंय. आता हुशार वाचकाला वाटणार, ही चिठ्ठी तिनेच लिहिली.”

तो किल्ली उजेडात धरून बघत होता. दात मोजावेत तसं. मग एकदम माझ्याकडे वळला.

“तिनेच लिहिली.”

“काय?”

“पहिली तिनेच लिहिली, ताई! चष्मा तिनेच ठेवला साखरेच्या डब्यात, चिठ्ठी तिनेच लिहिली, आणि विसरली. धाकटीने ते पाहिलं. तिथून धाकटीला सुचलं.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या तीन हातांच्या फटीत, भर दुपारी, गाड्यांच्या गोंगाटात.

“पण मग,” मी म्हटलं, “तुमच्या बाई थोड्या खोट्या नाही पडत? म्हणजे त्या विसरत होत्या हे खरंच ठरतं.”

“विसरत होत्याच त्या,” तो शांतपणे म्हणाला. “माझे पैसे दोनदा दिले होते मला. पण विसरणाऱ्या माणसाला कुणी फसवत नाही, असं थोडंच आहे? उलट त्यालाच फसवतात.”

तो डोक्याने कुठल्या कुठे होता आणि मी एवढी वर्षं वेलांट्या मोजत बसले होते. जुन्या कुलपात नवी किल्ली बसवावी तशी त्याने माझी चूक उचलून गोष्टीत बसवली, आणि कुलूप आधीपेक्षा पक्कं झालं. मी तिथेच शेवटचं पान काढलं. पावडरीवर काट मारली. त्याने सांगितलं, मी लिहिलं. ‘तिने सहा चिठ्ठ्यांवर लाल गोल केला. उरलेली, म्हणजे सगळ्यात पहिली, हातात धरून ती पुष्कळ वेळ बसून राहिली. मग उठली आणि बहिणीच्या खोलीला बाहेरून कडी घातली.’

“पुष्कळ वेळ पुरे?” त्याने विचारलं. “की ‘अचानक’ घालायचं?”

“खबरदार,” मी म्हटलं.

पुस्तक निघालं. चाललं. चाललं म्हणजे माझ्या घरात आमचे हे, ज्यांनी मीटरशिवाय काही वाचलेलं नाही, तेसुद्धा दोन बैठकांत वाचून उठले. वाचून मला म्हणाले, “ती चिठ्ठी लिहिणारीण माझ्यासारखं लिहिते की.” मी म्हटलं, “म्हणून तर सांगत होते, सुधारा.”

आणि दहाव्या दिवशी ज्याची मला भीती होती ते आलं. पोस्टकार्ड. दोन्ही बाजूंनी भरलेलं.

‘सप्रेम नमस्कार. आपल्या नव्या पुस्तकात पान २७, ४३ व ५८ येथे “ठेऊन” असे छापले आहे. ही चूक चौथीच्या विद्यार्थ्यालाही शोभत नाही. एकाच पुस्तकात पान ११ वर बरोबर व पुढे चूक, म्हणजे हलगर्जीपणाच. पान ५८ नंतर पुस्तक मिटून ठेवले. एकोणीस निर्दोष पुस्तकांनंतर आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती.’

पत्रमास्तरच ते. अक्षर न् अक्षर टोचलं. मालक म्हणाले, “बाई, कशाला मनाला लावून घेता? खरं कारण कळवून टाका. तेच माफी मागतील.”

मीही कार्ड पुढे ओढलं होतं. दोन ओळींचं काम होतं. सहा चुका मुद्दाम आहेत, त्या धाकट्या बहिणीच्या आहेत. माझं नाव धुऊन निघालं असतं. आणि पुस्तक तिथल्या तिथे मेलं असतं, ज्याला वाचायला सगळ्यात जास्त अक्कल आहे त्याच एका माणसासाठी. त्या उंबऱ्यावर दहा वेळा लिहिलेला शब्द आठवला. लाल पेन बाजूला ठेवलं आणि निळं उचललं.

‘सप्रेम नमस्कार. आपण दाखवलेल्या तिन्ही जागा मान्य. त्या माझ्याच नजरेखालून गेल्या आहेत. तोच शब्द पुढे आणखी तीन ठिकाणी तसाच छापला आहे. पान क्रमांक देत नाही. आपल्यासारख्या जाणकाराने ते शोधून कळवावेत, ही नम्र विनंती. आपली, मुद्रितशोधक.’

मालकांनी वाचलं. “म्हणजे तुम्ही स्वतःच सहा चुका कबूल केल्या?”

“त्याशिवाय ते पान एकोणसाठ उघडणार नाहीत.”

त्यांचं कार्ड मी खणात एकोणीस कार्डांच्या खालीच ठेवलं. दिसू नये म्हणून.

आठवडा गेला. दुसरा गेला. मग एका सकाळी कार्ड आलं. हल्ली कुठलीही चिठ्ठी आली की मजकूर वाचायच्या आधी मी शुद्धलेखन तपासते, माणूस तोच आहे ना हे बघायला. तपासलं. एकही चूक नव्हती. त्यांनीच लिहिलं होतं.

‘सहाही सापडल्या. त्यानंतर पान ११ पुन्हा वाचले. मी एकटा राहतो. गेल्या गुरुवारपासून माझा चष्मा सापडत नाही. हे कार्ड जुन्या चष्म्याने लिहीत आहे. आपले लेखक कुलपे बदलून देतात असे पुस्तकावर वाचले. त्यांना लवकरात लवकर पाठवावे. साखरेचा डबा मी अजून उघडलेला नाही.’